माळ्यावरची दप्तरं आणि वरसईचे राजवाडे

शिळफाटा म्हटलं की बहुतेकांना कल्याण-मुंब्र्याकडची वाहतूक कोंडी आठवते. माझा शिळफाटा तो नव्हे. हा खोपोलीतला, बोरघाटाच्या पायथ्याचा, खालापूर तालुक्यातला. इथल्या एका कारखान्यात नोकरी केली आणि पाळी सुटल्यावर, साप्ताहिक सुट्टीला, कर्जत-खालापूरच्या गावांतून जुने कागद पाहत हिंडलो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. गुरू म्हणावा तो माणूस माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, मूळ गाव वरसई, तालुका पेण. म्हणजे आमचे शेजारीच. जन्म १८६३ सालचा. त्याच वर्षीच्या एप्रिलात बोरघाटातून आगगाडी धावू लागली, म्हणून हे साल इकडच्या माणसाला वेगळं पाठ करावं लागत नाही.

राजवाड्यांना प्रादेशिक इतिहासकार म्हटलं तर काही मंडळी रागावतील. त्यांना इतिहासाचार्य म्हणायची रीत आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं बावीस खंड काढणारा माणूस एका प्रदेशात मावत नाही, हे मान्य. पण ते खंड आले कुठून? वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, फडताळांतून. त्यांचा इतिहास गावात सुरू होतो आणि मग दिल्ली-पानिपतापर्यंत जातो. फाट्यावरच्या माणसाला एवढं पुरतं. नव्यानं या नादाला लागलेली पोरं विचारतात, काका, सुरुवात कुठून करू? त्यांना तोंडी सांगत आलो ते आता लिहून ठेवतो.

१. आपला तालुका पूर्वी कुठल्या जिल्ह्यात होता, ते आधी बघा.

हे ऐकून पोरं हसतात. पण कर्जत-खालापूरचा माणूस पहिला धक्का इथंच खातो. 'कुलाबा' गॅझेटिअर १८८३ चं. ते उघडून बसलात तर खोपोली सापडणार नाही, माथेरान सापडणार नाही, कोंढाण्याची लेणी सापडणार नाहीत. कारण तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं आणि खालापूर कर्जतच्या पोटात. १८९१ मध्ये कर्जत कुलाब्याला जोडलं गेलं. त्यामुळे आमची गावं ठाण्याच्या खंडांत बघायची, १८८२ सालच्या. तिथं खोपोलीचं विरेश्वराचं देऊळ आणि नाना फडणविसांनी बांधलेला तलाव सविस्तर भेटतो. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, आणि आता ज्यांचा जन्मच त्यानंतरचा आहे ती मुलं 'रायगड जिल्हा' असा शोध घेतात आणि काही मिळालं नाही म्हणून परत येतात.

पेशवाईतले कागद बघायचे तर आणखी मागं जावं लागतं, सुभे कल्याण असं. महडच्या वरदविनायकाचं देऊळ १७२५ मध्ये बांधणारे रामजी महादेव बिवलकर कल्याणचेच सुभेदार. माणूस कल्याणचा, देऊळ खालापुरात, जुनी नोंद ठाण्याच्या पुस्तकात, जिल्हा आज रायगड. हे जुळवता आलं की अर्धं काम झालं.

२. मोडी शिका. दुसरा रस्ता नाही.

मोडीच्या भीतीनं फार चांगले लोक या कामातून गळालेले पाहिलेत. वास्तविक ती लिपी अवघड नाही, सवयीची आहे. आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं सोडत जायचं, अशी लिहिणाऱ्याची चाल असे. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात. ऱ्हस्व-दीर्घाची तर काळजीच सोडा, वेलांटी दीर्घ आणि उकार ऱ्हस्व एवढ्यावर भागायचं. व्याकरणात सदैव मार खाणाऱ्या माझ्यासारख्याला ही लिपी पहिल्या दिवसापासून आवडली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि सरकारच्या पुराभिलेख खात्यातर्फे वर्ग चालतात. वर्ग संपला की लगेच खऱ्या कागदाला भिडा. पुस्तकातली मोडी नीटनेटकी असते, कुलकर्ण्याची मोडी कुलकर्ण्याच्या मनाप्रमाणे असते.

अक्षर लागलं की अडतं तारखेपाशी. जुन्या पत्रावर 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं काही दिसलं की मोडी येणाराही थबकतो. हा सुहूर सन, आपल्याकडे सुरसन म्हणतात. आकडे अरबी, आणि मोजायचे एककापासून वर: इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. पण हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारी ते मेपर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. शेतकऱ्याचं वर्ष पावसाबरोबर सुरू होतं, हिशेबही तिथूनच. आमच्याकडे आजही भाताचं वर्ष कुणी एक जानेवारीपासून धरत नाही.

३. कागद मागायला जाऊ नका. वाचून दाखवायला जा.

राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले. कुठं दप्तर मिळालं, कुठं दारातूनच वाटेला लावलं. घरच्या माणसाचा संशय समजण्यासारखा असतो. कागद म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे भाऊबंदकी. आमच्या भागात तर हा संशय दहापट वाढलाय. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या आगेमागे भाव चढले, फार्महाउसं आली, आणि कागद बांधलेल्या ज्या रुमालांकडे पिढ्यान् पिढ्या कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं ते एकदम वकिलाच्या ऑफिसात गेले. दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस इतिहास विचारतोय असं कोण मानेल? तो दलालच असणार.

म्हणून माझी रीत अशी. ओळखीच्या माणसाबरोबर जायचं. कागद घरी नेऊ का, हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. ओटीवर बसायचं, त्यांच्यासमोर रुमाल सोडायचा आणि पहिलाच कागद मोठ्यानं वाचायला लागायचं. घरातल्या आजी आतून बाहेर येतात. पणजोबांचं नाव ऐकलं की त्यांचा चेहरा बदलतो. नाव नीट वाचलंत, नातं बरोबर सांगितलंत, की दुसरा रुमाल त्याच माळ्यावरून काढून देतात. मग फोटो काढा म्हणतात. आधी कधीच म्हणत नाहीत.

२०२३ पासून चित्र थोडं पालटलंय. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कार्यालयांतून मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांना लोक 'जुन्या लिपीचं वेड' म्हणून हसायचे त्यांच्या दारात रांगा. लोकांनी आपणहून घरातले कागद बाहेर काढले. चांगलं झालं. मात्र एकच ओळ हवी असते, ती सापडली की बाकीचा रुमाल पुन्हा बांधून वर. त्या बाकीच्यात सारा, दुष्काळ, लग्नाचा खर्च, बैलाची किंमत, सावकाराचं व्याज हे सगळं असतं. हातात रुमाल आलाच आहे तर उरलेलंही वाचून घ्या.

४. पाय वापरा.

उंबरखिंडीवर फलक वाचून भाषण करणारे शेकड्यांनी आहेत. खोपोलीहून पालीकडे जाताना शेमडीवरून आत वळायचं, चावणीला. अंबा नदीच्या काठी स्मारक आहे. तिथं गाडीनं जाऊन फोटो काढून परत येण्यात काही हशील नाही. शक्य असेल तर वरून उतरा, लोणावळ्याकडच्या कुरवंड्याहून. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानानं पाठवलेला कारतलबखान फौज घेऊन कोकणात उतरायला निघाला तो याच बाजूनं. उतार, दोन्हीकडे रान, मध्ये अरुंद वाट. पाठीवर छोटी पिशवी असलेल्या माणसाला वाटेत मागं वळणं नको वाटतं. तोफा, बैल, सामान घेऊन आलेल्या फौजेला ते कसं जमावं? पुढं शिवाजी महाराज उभे, मागची वाट कोंडलेली, प्यायला पाणी नाही. खान शरण का आला, हे पुस्तकापेक्षा पोटऱ्यांना लवकर कळतं. खानासोबत आलेल्या रायबागननं त्याला तसा सल्ला दिला असं वर्णन आहे.

आता हे वर्णन कुठून आलं ते ऐका, कारण राजवाड्यांच्या वळणाची माणसं पुढच्या पिढीत काय करत होती ते यात दिसतं. शिवाजी महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदानं संस्कृतात 'शिवभारत' रचलं. महाराष्ट्रात त्याचा मागमूस नव्हता. पोथी राहिली तंजावरला, व्यंकोजीराजांच्या वंशजांनी जपलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात. सदाशिव महादेव दिवेकरांनी ती हुडकली, संपादली, आणि १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह छापून आली. ग्रंथ एकतीस अध्याय पूर्ण होऊन बत्तिसाव्यात नऊ श्लोकांवर तुटतो. उंबरखिंड त्याच्या थोडी आधी येते. आणखी थोडा लवकर तुटला असता तर चावणीच्या त्या खिंडीबद्दल आज एवढ्या बारकाईनं बोलायला आमच्याकडे काही नसतं.

खालापूरच्या खिंडीचा सगळ्यात चांगला वृत्तान्त तमिळ देशात मिळाला, हे पोरांना मुद्दाम सांगतो. स्थानिक इतिहास म्हणजे स्थानिकच ठिकाणी शोधायचा, असा काहींचा ग्रह असतो.

आणि फलकांवरच्या फौजेच्या आकड्यांबद्दल एकच: दर नव्या फलकाबरोबर खानाची फौज वाढते. मी आकडा सांगत नाही, खिंड दाखवतो.

५. छापलेलं पुस्तक म्हणजे मूळ कागद, असं धरून चालू नका.

वरसईचाच दाखला देतो. राजवाड्यांच्या या गावातले दुसरे मोठे नाव विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धुमाळीत सापडला. झाशीचा वेढा त्यानं आतून पाहिला. त्याचं 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं, पण पुष्कळ फेरफार करून. लेखकानं लिहिलं तसं ते वाचकाच्या हाती पडलं १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलं तेव्हा. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत लोक वैद्यांचे गोडसे वाचत होते. वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचा काळ तसा होता, इंग्रजी राज्य डोक्यावर होतं. पण दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा. संपादक काय गाळतो, काय गुळगुळीत करतो, याचं एवढं चांगलं शिक्षण कुठल्या महाविद्यालयात मिळेल असं वाटत नाही.

राजवाड्यांचा आग्रह नेमका याच ठिकाणी होता. १८९८ चा त्यांचा पहिला खंड घ्या. १७५० ते १७६१ मधली पत्रं, पानिपतापर्यंतची. पत्रं जशी होती तशी आधी, आणि आपलं म्हणणं प्रस्तावनेत वेगळं. प्रस्तावना लांबलचक, ग्रँट डफच्या चुका एकामागून एक दाखवणारी, जागोजाग कडक. पटली नाही तर सोडून द्या, पत्रं तुमची तुम्ही वाचा. एवढी मोकळीक त्यांनी वाचकाला ठेवली. एवढा आग्रही माणूस आणि एवढी मोकळीक, हे मला नेहमी नवल वाटत आलंय.

६. गुरूशी वाद घालायला भिऊ नका. पण कागद घेऊन घाला.

राजवाडे चुकत नव्हते असं मानणारे भक्त त्यांचं काम बिघडवतात. व्युत्पत्तीच्या नादात ते कुठल्या कुठे जात. जातींबद्दलची त्यांची काही विधानं आज वाचवत नाहीत, तेव्हाही अनेकांना वाचवली नाहीत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी जे लिहिलं त्याला उत्तर आलं १९१८ मध्ये, 'कोदंडाचा टणत्कार' या नावानं. लिहिणारे केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. जन्म पनवेलचा, १८८५. म्हणजे वरसईच्या माणसाला पनवेलच्या माणसानं उत्तर दिलं, मध्ये अंतर एका तालुक्याचं. भाषा जहाल आहे, प्रबोधनकारांची ती कधी मवाळ नव्हतीच. पण नुसता संताप नाही. पुरावा मांडलाय, कागद काढलेत, 'तुमच्याच पद्धतीनं तुम्हाला तपासतो' असा सगळा पवित्रा आहे.

आमच्या चौक गावात नेताजी पालकरांचं नाव निघालं की या वादाचे पडसाद अजून ऐकू येतात. कुठल्या जातीचे, कुठल्या गावचे, अमुक घराणं खरं की तमुक. मी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतो आणि विचारतो, कागद कुठाय? बऱ्याच सभा तिथंच आटोपतात.

राजवाड्यांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्याला मी 'टणत्कार' वाचायला देतो, आणि राजवाड्यांना नुसतं झोडपणाऱ्याला पहिला खंड. दोघंही पुस्तक परत करताना थोडे नरमलेले असतात. काही जण परत करत नाहीत, तो भाग वेगळा.

७. कागदात कोण नाही, ते लिहून ठेवा.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधला गेला १८५६ ते १८६३ या काळात. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढं चालवून काम तडीला नेलं. हे सगळं नोंदलेलं आहे, आणि नोंदण्यासारखं आहेच. पण पटकीनं, तापानं, दरडीखाली, सुरुंगात जे हजारो मजूर मेले त्यांची नावं? एकही नाही. घाट चढताना गाडीच्या खिडकीतून लोक धबधबे बघतात. बघावेत. मी बोगदे मोजतो.

कातकरी, ठाकर यांचं तसंच. राजवाड्यांच्या रुमालांत वतनदार आहेत, कुलकर्णी आहेत, सरदार आहेत, कारण कागद त्यांच्याकडे होते. काताच्या भट्ट्या लावणारा कातकरी कागदात आला तर वनखात्याच्या दंडाच्या नोंदीत. म्हणून इथं पद्धत बदलावी लागते. वाडीवर जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, कुठून आलात, ही वाडी कधी बसली, आधीची कुठं होती, का उठली. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याबद्दल अशा ठिकाणी जे ऐकायला मिळतं ते सभेतल्या भाषणात नसतं. कोतवाल माथेरानचे, पेशानं वकील, शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या काढणारे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीबारात गेले. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांना रानात भाकरी कुणी पोचवली, हे विचारणारे थोडे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की या वाडीचं लिहिलेलं असं काय उरलं असेल? शाळेचा हजेरीपट, मतदारयादी, रेशनची यादी. तेव्हापासून वाड्यांवर जातो तेव्हा वही वेगळी ठेवतो.

८. संस्था काढाल तर भांडणं होणार, हे गृहीत धरा.

राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीनं ७ जुलै १९१० ला भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. मग पटलं नाही, बाहेर पडले, धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच वारले. पुढच्या वर्षी धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. आज पुण्याचं मंडळही चालू आहे आणि धुळ्याचंही. एका रागीट माणसामागं दोन दप्तरखाने उरले. आमच्या तालुक्यात भांडणं पुष्कळ झाली, दप्तरखाना अजून एकही नाही.

९. कुठून मिळालं, ते प्रत्येक कागदाखाली लिहा.

शेवटची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून मुलं तीच टाळतात. मोबाइलवर फोटो काढतात, दोन दिवसांनी गटात टाकतात, आणि महिन्याभरानं कुणालाच सांगता येत नाही की तो कागद डोलवलीचा की दहिवलीचा. फोटो काढण्याआधी एका चिठ्ठीवर गाव, घर, तारीख, रुमालातला कितवा कागद, एवढं लिहा आणि ती चिठ्ठी कागदाशेजारी ठेवूनच फोटो काढा. कागदाचे बंद एकमेकांना चिकटवलेले असतील तर जोड दिसेल असा एक फोटो जादा. पाठकोरी बाजू रिकामी दिसली तरी तिचाही काढा, कारण शिक्का किंवा पावती बऱ्याचदा तिथंच असते. कसर लागलेला कागद उलगडताना पंखा बंद करा. लॅमिनेशन करायला कुणी निघालं तर हात धरून थांबवा. फोटोंची एक प्रत ज्यांच्या घरचा कागद त्यांना, एक आपल्याकडे, एक गावच्या वाचनालयात. वाचनालयवाले ठेवून घ्यायला कां कूं करतात, तेव्हा रीतसर अर्ज द्या आणि पोच घ्या.

अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. शिळफाट्यावर उतरून विचारलंत तर घर कुणीही दाखवील. दुपारी दोन ते चार तेवढं सोडून या.